तीन वजनगट मोठे की आठ?

प्रश्न : मुष्टियुद्धात (बॉक्सिंग) मॅनी पॅकियाओ यांनी आठ वजनगटांत विजेतेपदे मिळवली, हेन्री आर्मस्ट्राँग यांनी केवळ तीन. तरीही अनेक जाणकार आर्मस्ट्राँग यांना वरचे स्थान का देतात?

उत्तर : आकडे काळाच्या चौकटीत ठेवून पाहावे लागतात. आर्मस्ट्राँग यांच्या काळी मुख्य वजनगट आठच होते, आज ते सतरा आहेत. शिवाय आता चार प्रमुख संघटना प्रत्येक गटात स्वतंत्र विजेता घोषित करतात. ऑक्टोबर १९३७ मध्ये फेदरवेट, मे १९३८ मध्ये वेल्टरवेट आणि ऑगस्ट १९३८ मध्ये लाइटवेट अशी तिन्ही विजेतेपदे आर्मस्ट्राँग यांनी दहा महिन्यांत जिंकली आणि काही काळ एकाच वेळी स्वतःकडे राखली, ही गोष्ट मला आजही थक्क करते. त्यांतील वेल्टरवेटचे पद बार्नी रॉस यांच्यासारख्या कसलेल्या विजेत्याकडून घेतलेले होते.

पॅकियाओ यांचे मोल यामुळे कमी होत नाही. १९९८ मध्ये फ्लायवेटचे, म्हणजे सुमारे ५१ किलोच्या मर्यादेचे, विजेते असलेल्या या फिलिपिनो मुष्टियोद्ध्याने २०१० मध्ये सुमारे ७० किलोच्या मर्यादेचे पद मिळवले. वाढत्या वजनाबरोबर हातांचा वेग टिकवणे फार थोड्यांना साधते. मात्र केवळ पदांच्या मोजणीवर निवाडा करायचा नसेल, तर माझा कौल आर्मस्ट्राँग यांनाच आहे.