मी बनवलेलं दिवाळीचं कार्ड ईमेलने पाठवलं की फाटतं, म्हणजे धूसर आणि खडबडीत दिसतं. क्वालिटी कशी टिकवायची?

ईमेल काहीही फाडत नाही. या एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या जुन्या भागीदाराचं वर्षानुवर्षं वाजलंय, म्हणून ते आधी सांगतो. मेलला जोडलेली फाइल पलीकडे बाइट न् बाइट तशीच पोचते. स्वतःलाच पाठवा, उतरवून घ्या आणि मूळ फाइलशी ताडून बघा. कार्ड फाटतं ते पाठवायच्या आधी.

नारायण पेठेत आमचं डीटीपीचं दुकान होतं. नवरात्र आलं की कंपन्यांची दिवाळीची कार्डं सुरू व्हायची. एका पार्टीने त्या वर्षी छपाई बंद करून सगळी कार्डं मेलनेच पाठवायचं ठरवलं. 'शुभ दीपावली' ही अक्षरं आम्ही एका जाणत्या सुलेखनकारांकडून चपट्या ब्रशने लिहून घेतली होती. फटकाऱ्याच्या शेवटी रंग संपत येतो तेव्हा कागदावर कोरड्या रेघांची जाळी उमटते ना, तीच त्या कार्डाची जान होती. मी ती मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केली, एकेक रेघ सांभाळत धूळ काढली आणि हळदी पिवळ्यावर कुंकवाच्या लालात बसवली. ५ बाय ७ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे १५०० बाय २१०० पिक्सेल.

भागीदाराने मेलसाठी फाइल करताना इमेज साइझमध्ये ३०० चे ७२ केले, रीसॅम्पलची, म्हणजे पिक्सेलच कमी करून टाकायची, खूण तशीच ठेवून. का, तर 'स्क्रीनला ७२ च लागतात'. कार्ड उरलं ३६० बाय ५०४ पिक्सेलचं! वर क्वालिटी उतरवून जेपेग. पार्टीच्या साहेबांनी ते १०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उघडलं, म्हणजे तिप्पट ताणून. जाळी गायब, अक्षरांच्या कडांना तपकिरी मळ. साहेबांचा फोन आला, तर भागीदार म्हणतो, "ईमेलमध्ये असंच होतं साहेब, इलाज नाही." मी शेजारीच उभा होतो. ते कार्ड सुलेखनकारांनाही गेलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या दिवाळीला त्यांनी आमचं काम घेतलं नाही. त्यांच्या हाताची अब्रू आम्ही घालवली होती, आणि दोष मात्र ईमेलवर.

७२ हा आकडा १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशचा. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते आणि टायपाचा एक पॉइंट म्हणजे एक ठिपका असं गणित बसवलं होतं. त्या मशीनला ते बरोबरच होतं. आज खिशातल्या फोनवर इंचाला ४०० च्या आसपास ठिपके असतात. डीपीआय ही छपाईसाठी फाइलला लावलेली नोंद आहे, स्क्रीन बघते ती पिक्सेल. तेच १५०० बाय २१०० पिक्सेल ठेवून नोंद ७२ करा नाहीतर ३००, फोनवर तसूभरही फरक पडत नाही.

आता तुमचं कार्ड. अक्षरं आणि सपाट रंग असतील तर पीएनजीच करा. जेपेगमध्ये बहुतेक वेळा शेजारच्या ४ पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद उरते. फोटोत ते खपून जातं, लाल अक्षराच्या कडेला नाही. पीडीएफ द्यायची तर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका, श्रीलिपीचे मराठी फॉन्ट असतील तर नक्कीच, आणि 'स्मॉलेस्ट फाइल साइझ' या प्रीसेटला हात लावू नका. फाइल छपाईच्या नाही, स्क्रीनच्या रंगपद्धतीत, म्हणजे आरजीबीत हवी हे तुम्हाला ठाऊक असेलच. कार्ड वर्डमध्ये टाकून किंवा मेलच्या मजकुरात चिकटवून पाठवायचं बंद करा, अटॅचच करा. व्हॉट्सॲपवर द्यायचं तर डॉक्युमेंट म्हणून.

हां, एक राहिलं. आयफोनच्या मेलमधून फोटो पाठवताना तो लहान, मध्यम की मूळ आकारात, असं विचारतो. तिथे मूळच घ्या. म्हणजे ईमेल निर्दोष म्हटलं तरी मेलचं ॲप निर्दोष असेलच असं नाही, एवढं मान्य. कार्डभर फोटोच असेल तर चांगल्या क्वालिटीचं जेपेगही चालतं. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, तेव्हा १८ च्या आत राहा. आणि काका-मामांना पीडीएफ पाठवू नका, बरेच जण उघडतच नाहीत.

एवढं करूनही कोणी 'ईमेलसाठी ७२ कर' म्हणालं, तर पिक्सेल किती उरतील ते त्याच्याकडूनच गुणून घ्या. माझ्या भागीदाराने तो गुणाकार अजून केलेला नाही.