निरोगी मनगटात मिडियन नर्व्हचा (मनगटातून हातात जाणारा मज्जातंतू) आडवा छेद एकदा ८, लगेच ११ चौ.मिमी. का भरतो?

इंदूरला सोनोग्राफी शिकताय, तर आधी प्रोब (त्वचेवर टेकवायचे यंत्राचे टोक) कसा धरलाय ते तपासा. नर्व्हला काटकोनात नसेल तर गोलाचा लांबट अंडाकार होतो: ४५ अंश तिरका धरला की ८ चे थेट ११ होतात. प्रोब १२ मेगाहर्ट्झ किंवा जास्त, जेल भरपूर, दाब जवळजवळ नाहीच.

जागा मनगटाच्या घडीपाशी, पिसिफॉर्म हाड (करंगळीच्या बाजूचे मनगटातले छोटे हाड) दिसेल तिथेच. बाजूच्या टेंडनशी (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) गल्लत होत असेल तर प्रोब किंचित झुकवा; टेंडन झटकन काळे पडते, नर्व्हची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी टिकते. तरी शंका उरली तर कोपराकडे सरका: टेंडनचे स्नायू होतात, नर्व्ह नर्व्हच राहते.

क्षेत्रफळ मोजायची रेघ नर्व्हच्या पांढऱ्या कडेच्या आतून हाताने काढा, बाहेरून नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तीनदा मोजून सरासरी घ्या. नर्व्ह दुभंगलेली असेल तर दोन्ही तुकड्यांची बेरीज.

आणि ‘निरोगी’ कोण, हेही नीट विचारा. राजवाड्याजवळ दिवसभर शिलाई करणाऱ्याला रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर त्याचा आकडा निरोगी लोकांच्या यादीत नको.