तळाच्या मासेमारीसाठी घरच्या घरी जिग कसे बनवायचे आणि गळ कुठे बांधायचे?

तुम्ही लिहिलंय की देवगडच्या खडपांवर १५ वाव पाण्यात तांबोशी आणि गोब्र्यासाठी विकतचे जिग (दोऱ्याला बांधून खाली सोडायचं, माशासारखं चमकणारं धातूचं वजनदार आमिष) टाकता, आणि एका फेरीत तीन-चार जिग खडकातच राहतात. घरी बनवलेले परवडतील का, असा तुमचा प्रश्न आहे. नक्की परवडतील. मी गेली काही वर्षं घरचेच वापरतोय. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: खडपावर जिग जाणारच. म्हणून वजनाच्या भागावर पैसा आणि हौस घालू नका, जी काही मेहनत घ्यायची ती गळ, कडी आणि गाठीवर घ्या.

वजनासाठी मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो एसीवाल्यांकडे भंगारात मिळणारा अर्धा इंची तांब्याचा पाइप. त्यात शिसं ओतलं की ९ सेंटिमीटरचा तुकडा साधारण १२० ग्रॅम भरतो. तुमच्या १५ वाव पाण्याला, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मीटरला, तेवढं बहुतेक दिवशी पुरतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी जोरात ओढतं, दोरा तिरपा जातो आणि तळ लागलेला हाताला कळत नाही. त्या दिवसांसाठी ११-१२ सेंटिमीटरचे दोन-तीन वेगळे करून ठेवा. भांगाला, म्हणजे ओढ कमी असते त्या दिवसांत, ९ चाच बरा.

शिसं जाळ्यांच्या दुकानात मिळतं. टायरवाल्यांकडची जुनी वजनंही चालतात, पण त्यांत जस्ताची मिसळलेली असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० ला. आच बेताची ठेवली तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात, ते झाऱ्याने काढून टाका. गाडीची बॅटरी फोडून शिसं काढायच्या फंदात मात्र पडू नका, त्यातलं आम्ल आणि धूळ दोन्ही घातक.

पाइपचं खालचं तोंड अॅल्युमिनियम फॉइलने घट्ट बंद करा, कोरड्या वाळूच्या डब्यात तो उभा रोवा आणि वरून एका दमात शिसं ओता. इथे कोरडं म्हणजे खरोखर कोरडं. पहिल्या वर्षी मी आदल्या रात्री धुतलेला पाइप तसाच वापरला होता. दिसायला सुका, पण तळाशी फॉइलवर थेंबभर पाणी राहिलं होतं. शिसं आत गेलं, फट्‌ असा आवाज झाला आणि अर्धं शिसं तोंडातून उसळून वर आलं. एक थेंब मनगटाच्या वर बसला, त्याचा डाग अजून आहे. डोळ्यावर चष्मा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक तुकडा ओतण्याआधी चिमट्यात धरून मिनिट-दोन मिनिटं आचेवर फिरवतो. पूर्ण बाहीचा शर्ट, जाड हातमोजे, पायात बूट, आणि काम अंगणात, वाफ आपल्यापासून दूर जाईल अशा बाजूला उभं राहून. ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, आणि पोरांना जवळ फिरकू देऊ नका.

निवल्यावर दोन्ही टोकं हॅकसॉने तिरकी कापा, दोन्ही काप एकाच दिशेने झुकलेले हवेत. मग लाकडी ठोकळ्यावर ठेवून एक बाजू हातोडीने थोडी चपटी करा. शिसं निवताना किंचित आकसतं, ठोकल्यामुळे ते पाइपात घट्ट बसतं, आणि दोन बाजू सारख्या न राहिल्याने जिग पडताना डुलतो. विहिरीत किंवा पिंपात सोडून बघा. सरळ दगडासारखा गेला तर हाताने अगदी जरासा बाक द्या. पानासारखा डावी-उजवीकडे झुलत खाली गेला की समजा जमला. मासा बहुतेक वेळा जिग पडतानाच धरतो, म्हणून या चाचणीवर मी बराच वेळ घालवतो. वरच्या टोकाजवळ ३ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा, कडा कानशीने मोडा, त्यात स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुपदरी कडी) घाला. कापताना आणि घासताना तोंडाला मास्क, नंतर हात साबणाने स्वच्छ. रंगाची गरज नाही, चिंचेने घासला की तांबं लखलखतं. पाणी गढूळ असेल तर अंधारात चमकणाऱ्या रंगाचा एक पट्टा ओढा.

आता बांधणी. खाली तीनतोंडी गळ लावूच नका, तळाला आधी टेकतो तोच आणि अडकतोही तोच. दोन एकतोंडी गळ, ४/० मापाच्या आसपासचे, वरच्या बाजूला. जाड ब्रेडेड (विणलेल्या) दोऱ्याच्या दुपदरी तुकड्यावर गळ बसवा, धाग्याने आवळून गुंडाळा, सुपरग्लूचा थेंब द्या आणि वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. एक तुकडा तीन सेंटिमीटर, दुसरा चार. सारखे ठेवले तर गळ एकमेकांत गुंततात, लांब ठेवले तर लीडरला (मुख्य दोऱ्याच्या टोकाला जोडलेल्या जाड दोऱ्याला) विळखा घालतात.

हे दोन्ही तुकडे एका अखंड कडीत अडकवा आणि लीडरही त्याच कडीला बांधा. जिग मात्र त्या कडीला थेट जोडू नका. मध्ये कमजोर तंगुसाचा (नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याचा) छोटा फास ठेवा. फासात दोन पदर येतात, म्हणून ४० पाउंडाचा मुख्य दोरा असेल तर फासाला १५ पाउंडाचा तंगूस घ्या. जिग कपारीत रुतला तर फास तुटतो, तांब्याचा तुकडा जातो, गळ, कडी आणि लीडर परत येतात. गोब्रा लागला आणि जिग खडकात ओढत गेला तरी तसंच, माशाचा ताण गळावरून सरळ लीडरवर येतो. फास प्रत्येक फेरीला नवा. मी घरूनच दहा-बारा बांधून डबीत नेतो.

पाण्यात तळ लागला की दोरा सैल पडतो, त्याच क्षणी हातभर वर उचला. तिथेच पडू दिलात तर फासही किती पुरणार. आणि गोब्र्याने धरलं तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला खडकापासून वर काढा, एकदा कपारीत शिरून कल्ले फुगवले की तो निघत नाही.

मालवणच्या बाजूला गेलात तर तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पद्मगडाभोवतीच्या गाभा क्षेत्रात गळ टाकू नका.