स्टॅक केलेल्या अवरक्त प्रतिमेत पिक्सेलच्या सिग्मावरून काढलेली त्रुटी कमी का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: के-बँडच्या (सुमारे २.२ मायक्रॉन, अवरक्त) स्टॅकमध्ये, म्हणजे अनेक फ्रेम जुळवून एकत्र केलेल्या प्रतिमेत, रिकाम्या आकाशाचा दर पिक्सेलचा सिग्मा (नॉइजचं प्रमाण विचलन) काढला, ॲपर्चरमधल्या (ताऱ्याचा प्रकाश मोजायच्या वर्तुळातल्या) पिक्सेलसंख्येच्या वर्गमुळाने गुणला. पण फ्रेम दोन गटांत वाटून वेगळे स्टॅक केले, तर मंद ताऱ्यांच्या मोजमापांतला फरक या त्रुटीला बसत नाही, बराच जास्त येतो.

गडबड त्या वर्गमुळात आहे. पिक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच ते चालतं, आणि फ्रेम जुळवताना इंटरपोलेशन (जुन्या पिक्सेलांवरून मधल्या जागांची किंमत काढणं) केलं की ते स्वतंत्र राहत नाहीत. एखादी फ्रेम दोन्ही दिशांना अर्धा पिक्सेल सरकवून बायलिनिअर इंटरपोलेशन केलं, तर नवा पिक्सेल चार जुन्यांची सरासरी असतो. सिग्मा निम्मा होतो. नॉइज मात्र शेजाऱ्यांत पसरलेला असतो, मोठ्या ॲपर्चरची बेरीज केली की जवळपास पूर्ण परत मिळतो. डिदरमुळे (दर फ्रेमला दुर्बीण मुद्दाम थोडी हलवल्यामुळे) सरकणं वाटेल तसं असेल, तर सिग्मा सरासरी दोन तृतीयांशावर येतो, म्हणजे निव्वळ एवढ्यानेच त्रुटी दीडपट कमी धरली जाते. ड्रिझलमध्ये (फ्रेम बारीक जाळीवर एकत्र करायच्या पद्धतीत) पिक्सेल लहान केले, की हा आकडा आणखी वाढतो.

म्हणून नॉइज ॲपर्चरच्याच मापावर मोजा. आधी सगळे स्रोत मास्क करा (मोजणीतून झाका) आणि मास्क थोडा फुगवा, ताऱ्यांचे पंख दूरवर जातात. मग मोजणीत वापरता त्याच त्रिज्येची ५०० ते १००० ॲपर्चर्स रिकाम्या जागी, एकमेकांवर न चढवता टाका. डिदरमुळे कडेला कमी फ्रेम असतात, तेव्हा प्रत्येक बेरजेला वेट मॅपच्या (कुठे किती निरीक्षण जमलं त्याच्या नकाशाच्या) वर्गमुळाने गुणून घ्या. मध्यकापासूनच्या निरपेक्ष फरकांचा मध्यक गुणिले १.४८२६, हा तुमचा सिग्मा. न दिसणारे मंद स्रोत हिस्टोग्रामची धन बाजू ओढतात, म्हणून ऋण बाजू वेगळी तपासाच. वेगवेगळ्या त्रिज्यांसाठी हेच केलं, तर सिग्मा पिक्सेलसंख्येच्या ०.५ ते १ मधल्या कुठल्या तरी घातांकाने वाढताना दिसेल.

यात ताऱ्याचा स्वतःचा फोटॉन नॉइज नसतो. त्याचा व्हेरिअन्स (सिग्माचा वर्ग) वरच्या सिग्माच्या वर्गात वेगळा मिळवा: फ्लक्स (ताऱ्याचा मोजलेला प्रकाश) भागिले परिणामी गेन (प्रतिमेतल्या एका एककामागे किती इलेक्ट्रॉन). स्टॅक सरासरीचा असेल तर परिणामी गेन म्हणजे मूळ गेन गुणिले फ्रेमसंख्या, बेरजेचा असेल तर मूळ गेनच. इथे खूप जण घसरतात.

रीड नॉइजची (डिटेक्टर वाचताना येणाऱ्या नॉइजची) के-बँडमध्ये सहसा काळजी नको. एका पिक्सेलमध्ये आकाशाचे ५०,००० इलेक्ट्रॉन असतील तर त्यांचाच नॉइज २२४ इलेक्ट्रॉन. १५ इलेक्ट्रॉनच्या रीड नॉइजने तो जेमतेम अर्धा इलेक्ट्रॉन वाढतो. पण ही गणना आकाश वजा करण्यापूर्वीच्या पातळीवरून करा. वजा केल्यावर पातळी शून्य दिसते, व्हेरिअन्स तसाच राहतो, उलट आठ फ्रेमच्या सरासरीने काढलेलं आकाश वजा केलं तर एक अष्टमांश वाढतो.

गेन फ्लॅटच्या (एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेमच्या) जोड्यांवरून काढला असेल तर इंटरपिक्सेल कपॅसिटन्स, म्हणजे एका पिक्सेलचा सिग्नल शेजाऱ्यांत गळणं, तपासा. चार शेजाऱ्यांना प्रत्येकी १% सिग्नल गळला तरी व्हेरिअन्स सुमारे ८% घटतो आणि गेन तेवढाच जास्त भासतो.