दहावीतल्या मुलीला आरोग्य संशोधनाची गोडी कशी लावू?

कोल्हापुरात राहता ना? मग सुरुवात गल्लीतूनच करा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. पावसाळ्यात लेकीने मैत्रिणीला घेऊन पेठेतली पिंपं, कुंड्या, जुने टायर दर आठवड्याला तपासावेत. किती भांडी पाहिली, कितींत अळ्या सापडल्या, एवढं वहीत नीट मांडलं तरी ते खरं संशोधन आहे, मला तर ते फार मोलाचं वाटतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मार्गदर्शक व्हायला सांगा. मुलं आपले असे प्रकल्प जिथे मांडतात, ती राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 10 ते 17 वयाच्या मुलांसाठीच आहे. पुढे एखाद्या वैद्यकीय अभ्यासात सहभागी व्हायचं झालं, तर तुमच्या संमतीबरोबर तिचा लेखी होकारही लागतो. तिला नको असेल तर आग्रह धरू नका.