दुपारी दिसेनासं होतं, संध्याकाळी परत दिसतं

प्रश्न : माझी मुलगी ३१ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याची नजर गेली, तेव्हा मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे एमएस या नसांच्या आजाराचं निदान झालं. नजर बरीचशी परत आली, औषध नियमित चालू आहे. पण एप्रिलपासून दुपारी गॅसपुढे उभी राहिली की त्याच डोळ्यापुढे धुकं येतं. कूलरसमोर बसली की अर्ध्या तासात जातं. सासरी म्हणतात, कामाच्याच वेळी बरं दिसेनासं होतं! आजार वाढतोय का? स्टेरॉइडचं सलाईन पुन्हा लावावं लागेल?
– एक आई, रावेर

उत्तर : ताई, लेक खरं बोलतेय. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हेच लिहून ठेवलंय. श्रम केले की त्यांच्या काही एमएस रुग्णांची नजर मंद व्हायची. उथॉफ यांना वाटलं, श्रमामुळे. खरं कारण अंगातली उष्णता, हे पुढे कळलं. एमआरआय येण्यापूर्वी तर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत. आज कुणी करू नये.

तुमच्याकडे केळीच्या बागा आहेत, म्हणून पाटाचंच उदाहरण देतो. अस्तर उखडलेल्या पाटातून पाणी पोचतं, पण जेमतेम. ऊन चढलं की शेवटचा वाफा कोरडा राहतो. तिच्या डोळ्याच्या नसेचं मायलिनचं आवरण त्या पहिल्या झटक्यात खराब झालंय. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी संदेश अडतो, अंग गार झालं की पुन्हा जातो. यात नवी इजा होत नाही. सलाईन नको.

नवा झटका वेगळा. त्रास २४ तासांहून जास्त सलग टिकला, ताप किंवा संसर्ग नसताना टिकला, तर लगेच दाखवा. आणि आधी लघवी तपासा, कारण संसर्गाने अंग तापलं तरी जुना त्रास वर येतो. नवखा असताना पाय जड झाले म्हणून मी एमएसच्या एका बाईंना स्टेरॉइड दिलं. निघाला लघवीचा संसर्ग. ती चूक अजून टोचते.

स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा. मानेवर ओला पंचा, माठातलं पाणी, आंघोळ कोमट. औषध मनाने बंद करायचं नाही.

राहिले सासरचे. पुढच्या तपासणीला जावयांना बरोबर पाठवा. लेक चालायला ठणठणीत असेल, तर डॉक्टरांना म्हणावं, त्यांच्यासमोर अक्षरांचा तक्ता वाचून घ्या, मग जिना चार वेळा चढ-उतर करायला लावून पुन्हा वाचून घ्या. मी हे करतो. खालच्या दोन ओळी जातात. पंख्याखाली बसवलं की थोड्या वेळाने परत येतात, आणि तोवर नवरा स्वतःच तक्त्याजवळ जाऊन उभा असतो.