वाचक विचारतात : सगळ्यांपुढे +९१ लावू नका

प्रश्न : आमच्या संत्रा उत्पादक गटाच्या फोनमध्ये चारेकशे नंबर आहेत. बागाईतदार, ट्रकवाले, नागपूरचे अडते आणि बांगलादेशातले काही व्यापारी. कुणाचा शून्य लावून सेव्ह केलेला, कुणाचा ९१ लावून, कुणाचा नुसता दहा आकडी. गावातल्या एका पोराने यादी एक्सेलमध्ये घेऊन सरसकट +९१ लावून दिलं. आता बांगलादेशचा एकही फोन लागत नाही आणि फाइलमध्ये बऱ्याच नंबरांच्या जागी ‘९.१९ई+११’ असं दिसतं.
— एक बागाईतदार, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : बिघडलेली यादी फोनमध्ये चढवून ३० दिवस झाले नसतील तर ती दुरुस्त करत बसू नका. संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, सेटिंगमधल्या चाकावर ‘बदल पूर्ववत करा’ आहे, तिथे आधीची तारीख निवडा. पूर्ण यादी त्या दिवशी होती तशी परत येते. नंबर गूगल खात्यात हवेत मात्र. सिममध्ये किंवा फोनच्या मेमरीत असतील तर हा उपाय चालत नाही.

‘९.१९ई+११’ का झालं? एक्सेलला फोन नंबर म्हणजे बेरजेचा आकडा वाटतो. पुढचं अधिक चिन्ह आणि शून्य तो गाळतो, आणि बारा किंवा जास्त अंक असले की आखडून दाखवतो. फाइल अजून तशीच उघडी असेल तर रकान्याचा प्रकार ‘नंबर’ करून दशांश शून्य ठेवा, सगळे अंक दिसतील. पण त्याच अवस्थेत सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह करून बंद केली असेल तर मधले अंक कायमचे गेले. मग फोनमधूनच यादी पुन्हा काढायची. शिवाय सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांची खिचडी होते ती वेगळीच.

म्हणून हे काम गूगल शीट्समध्ये करा. गूगल कॉन्टॅक्ट्समधून ‘गूगल सीएसव्ही’ एक्सपोर्ट करा आणि एक प्रत बाजूला ठेवून द्या, तिला हात लावायचा नाही. दुसरी प्रत शीट्समध्ये इम्पोर्ट करताना ‘मजकुराचं आकड्यांत रूपांतर करा’ या पर्यायावरची खूण काढा. एका घरात दोन नंबर असतील तर मध्ये तीन विसर्गचिन्हांसारखे ‘:::’ दिसतील, ते आधी वेगळे करा. मग शोधा-बदला वापरून मोकळी जागा, आडव्या रेघा, कंस काढा. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या नंबरांत डोळ्याला न दिसणारी खुणा-चिन्हंही येतात. नंबर बरोबर दिसूनही अंकांची संख्या एक-दोनने जास्त भरली तर तो हाताने पुन्हा टाइप करा.

आता शेजारच्या रकान्यात ‘लेन’ (LEN) फंक्शनने प्रत्येक नंबराची लांबी काढा आणि त्यावर क्रम लावा. खरी निवड इथे होते. दहा अंक आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ : पुढे +९१. अकरा अंक, आधी ० आणि मग ६ ते ९ : शून्य काढून +९१. बारा अंक, सुरुवात ९१ : फक्त अधिक चिन्ह. ००९१ असेल तर दोन शून्यांच्या जागी अधिक. ९१० ने सुरू होणारे तेरा अंक म्हणजे कुणीतरी ९१ आणि ० दोन्ही लावलंय. मधलं शून्य काढा. ‘सुरुवातीचे ९१ काढून टाका’ असा सरसकट हुकूम कधीच देऊ नका, कारण ९१ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल आपल्याकडे भरपूर आहेत. लांबी मोजल्याशिवाय ९१ ला हात नाही.

बांगलादेशचा मोबाइल तिथल्या पद्धतीने ०१ ने सुरू होतो आणि अकरा अंकी असतो. देशाचा कोड ८८०. शून्य काढून लावला की +८८० आणि पुढे दहा अंक. तिकडचे लोक बरेचदा ‘+८८’ लिहून पुढे शून्यासकट नंबर देतात. तोही लागतो, कारण ८८ आणि ० मिळून ८८०च होतात. अशा नंबरातलं शून्य ‘जादा’ समजून काढलंत की तो मेला. तुमच्या यादीत +९१ नंतर १ ने सुरू होणारे दहा अंक दिसले तर उत्तरेकडची एखादी लँडलाइन सोडता ते बांगलादेशीच असणार. ८८० ने सुरू होणारे आपले मोबाइलही असतात, पण ते दहाच अंकी.

नेपाळचे मोबाइलही दहा अंकी आणि बहुतेक ९७ किंवा ९८ ने सुरू होणारे असतात, देशाचा कोड ९७७. बागेत नेपाळी मजूर असतील तर त्यांचे गावाकडचे नंबर कुठलंही सूत्र ओळखणार नाही. ते नावावरूनच वेगळे करावे लागतील.

शेवटी : जुनी यादी काढून मगच नवी चढवा, नाहीतर प्रत्येक नाव दोनदा होईल. आणि या सदरात छापण्याच्या रिवाजाने देवनागरी अंक असले तरी तुमच्या शीटमध्ये ते नकोत. मराठी कीबोर्डवरून टाइप झालेले अंक सूत्रांना कळत नाहीत. शोधा-बदला दहा वेळा चालवून ते इंग्रजी करून घ्या.

प्रश्न : मुलगा दुबईला आहे. त्याने दिलेला नंबर ०५० ने सुरू होतो, तो लागत नाही. आणि त्याने व्हॉट्सॲप तिकडच्या नंबरावर केल्यापासून त्याला गावातली अर्धी नावं दिसत नाहीत म्हणतो.
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ते शून्य फक्त त्या देशाच्या आतलं. बाहेरून +९७१, मग शून्य टाकून उरलेले नऊ अंक. फोनवर ० दाबून धरलं की अधिक चिन्ह येतं. अधिक म्हणजे ‘मी जिथे आहे तिथला बाहेर जायचा कोड’ : भारतातून ००, अमेरिकेतून ०११. म्हणून अधिक लावलेला नंबर कुठूनही चालतो. कतार, कुवेत, ओमानला आठच अंक, शून्याची भानगडच नाही.

व्हॉट्सॲपचं असं, की देशाचा कोड नसलेला नंबर ते स्वतःच्या देशाचा धरतं. त्याचं खातं आता दुबईचं, म्हणून तुमचे दहा आकडी नंबर त्याला तिकडचे वाटतात. त्याच्या फोनमध्ये +९१ लावलं की नावं परत दिसतील. बदल तुमच्या फोनमध्ये नाही, त्याच्या फोनमध्ये करायचा.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या यादीत १०८, ११२, किसान कॉल सेंटर आणि तहसीलची लँडलाइनही आहे. त्यांनाही +९१?
— संगणक परिचालक, जि. वर्धा

उत्तर : १०८, ११२ आणि १८००-१८०-१५५१ आहेत तसेच राहू द्या. लँडलाइनला एसटीडी कोड हवा, पुढचं शून्य काढून : वर्ध्यासाठी +९१ ७१५२ आणि मग स्थानिक नंबर. हे दहा अंक ७ ने सुरू होतात, त्यामुळे यादीत मोबाइलच वाटतात; नावापुढे ‘लँडलाइन’ लिहून ठेवा. कार्यालयातल्या लँडलाइनवरून मोबाइल लावताना मात्र आधी शून्य लागतंच, १५ जानेवारी २०२१ पासून. भिंतीवर चिकटवायची छापील यादी त्यामुळे वेगळी काढा, शून्यासकट.